ठाणे खाडीत दिव्याचा सापळा: खेकड्यांच्या डिंभकांची नोंद कशी ठेवावी

चिंबोरी, म्हणजे खाडीतला मोठा खेकडा, बाजारात टोपलीत येते तेव्हा तिच्या आयुष्यातला सगळ्यात खडतर टप्पा कधीच मागे पडलेला असतो. मोठी मादी एका खेपेला लाखो अंडी देते, कधी वीस-तीस लाखांपर्यंत. त्यातून निघालेली पिल्लं, म्हणजेच डिंभक, तीन-चार आठवडे पाण्यात तरंगत असतात. बहुतेक खाल्ली जातात, काही भलतीकडे वाहून जातात, आणि अगदी थोडी खाडीच्या चिखलात परत येऊन खेकडा होतात. पुढे कोळीवाड्यातल्या फगात, म्हणजे खेकडे पकडायच्या सापळ्यात, काय लागणार, याचा बराचसा निकाल या दिवसांतच लागतो. तरी हा टप्पा डोळ्याआड राहतो, कारण ही पिल्लं काही मिलिमीटरची असतात आणि बरीचशी ये-जा रात्री होते.

ती मोजायची एक सोपी पद्धत आहे. रात्री पाण्यात दिवा ठेवायचा, दिव्याकडे आलेले जीव आत शिरतील पण सहज बाहेर पडणार नाहीत असा सापळा त्याभोवती करायचा, आणि पहाटे मोजायचं. अमेरिकेच्या ओरेगन किनाऱ्यावर कूस बे इथे ॲलन शँक्स या शास्त्रज्ञांनी डंजनेस खेकड्याची पिल्लं अशीच वर्षानुवर्षं मोजली. एखाद्या वर्षी सापळ्यात किती पिल्लं आली, त्याचा संबंध चार वर्षांनंतरच्या व्यापारी पकडीशी लागतो, असं त्यांना आढळलं. त्या खेकड्याला पकडण्याजोगा व्हायला तेवढीच वर्षं लागतात. आज व्हँकुव्हर आणि सिएटलच्या आसपासच्या सॅलिश समुद्रात धक्क्याधक्क्यांवर असे सापळे टांगलेले असतात, आणि त्यातले बरेच स्थानिक स्वयंसेवक सांभाळतात.

त्यांची पद्धत आपल्याला घेता येते, वेळापत्रक मात्र नाही. तिथलं पाणी थंड, हंगाम एप्रिलपासून उन्हाळाभराचा, आणि लक्ष मुख्यतः एकाच जातीवर. आपल्याकडे पाणी कोमट, भरती-ओहोटीतला फरक मोठा, मध्ये चार महिन्यांचा पाऊस, आणि खारफुटीत खेकड्यांच्या कितीतरी जाती एकत्र नांदतात. म्हणून पुढचं सगळं ठाणे, ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर या पट्ट्यातल्या पाण्याला धरून लिहिलं आहे. कॉलेजचे विद्यार्थी, कोळीवाड्यातली तरुण मुलं, खारफुटीच्या सफाईला येणारे स्वयंसेवक, यांपैकी कुणालाही हे काम जमेल. एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा: एका रात्री किती सापडले, या आकड्याला एकट्याने काही किंमत नाही. तीच जागा, तोच दिवा, तेच तास आणि भरतीची तीच अवस्था सांभाळून वर्षभर नोंद ठेवली, तरच तो आकडा बोलू लागतो.

झोइया आणि मेगालोपा

अंड्यातून बाहेर पडणारं पिल्लू खेकड्यासारखं मुळीच दिसत नाही. खसखशीच्या दाण्याएवढं अंग, मोठे काळे डोळे, पुढे आणि पाठीवर काटा, मागे बारीक शेपटी. याला झोइया म्हणतात. चिंबोरीचा झोइया पाच वेळा रूप बदलत साधारण अडीच-तीन आठवडे जगतो, आणि मग मेगालोपा होतो. मेगालोपाला नांग्या असतात, पाय असतात, पण शेपटी अजून पोटाखाली दुमडलेली नसते. ती मागे ताठ ठेवून, तिच्याखालच्या पोहण्याच्या पायांनी तो सरळ रेषेत पळतो. आठवडा-दीड आठवड्याने कात टाकली की इवलासा खेकडा तयार. ही दोन रूपं इतकी वेगळी आहेत की पूर्वीच्या शास्त्रज्ञांनी त्यांना स्वतंत्र प्राणी समजून वेगळी नावं दिली होती. १८२० च्या दशकात आयर्लंडमधल्या कॉर्क इथे जॉन व्हॉन थॉम्पसन यांनी झोइया पाळून पाहिले, तेव्हा कुठे उलगडा झाला. पहिल्या पहाटे ट्रेमध्ये बघून तुमचा गोंधळ उडाला तर त्यात नवल नाही.

आपल्या खाडीत या पिल्लांची वाहतूक दोन दिशांनी चालते. चिंबोरीची मादी अंडी घेऊन खाडीबाहेर, खाऱ्या पाण्याकडे जाते, कारण तिच्या झोइयांना जवळपास समुद्राइतकं खारं पाणी लागतं. त्यांच्यातले जे मेगालोपा होईपर्यंत जगले, ते भरतीबरोबर आत येतात. म्हणजे वाशीच्या किंवा ऐरोलीच्या पाण्यात चिंबोरीचं पिल्लू भेटलंच तर ते मेगालोपा असण्याची शक्यता जास्त. एक नांगी मोठी असलेले चिखलावरचे छोटे खेकडे आणि खारफुटीच्या मुळांवर चढणारे खेकडे यांचं वेगळं असतं. त्यांच्या माद्या खाडीतच, बहुधा रात्रीच्या मोठ्या भरतीच्या सुमारास पिल्लं सोडतात. ओहोटी त्या झोइयांना बाहेर नेते आणि मेगालोपा झाल्यावर ते परततात. परतीची युक्तीही सुरेख आहे. भरती लागली की मेगालोपा वरच्या पाण्यात येतो, ओहोटीला खाली तळाशी बसतो. स्वतःच्या बळावर तो इतकं अंतर पोहू शकला नसता, पण रात्रीच्या भरत्या पकडत पकडत खाडीच्या पोटात पोहोचतो.

म्हणून नवख्यांनी फक्त मेगालोपा मोजावेत. झोइया फार बारीक असतात, सापळ्याच्या जाळीतून निसटतात, आणि जे राहतात ते साध्या भिंगाखाली खात्रीने ओळखू येत नाहीत. त्यांच्यासाठी तक्त्यात ‘आहेत’, ‘नाहीत’, ‘खूप आहेत’ एवढीच नोंद करा.

जागा आणि परवानगी

जागा निवडायला दोन-तीन आठवडे द्या. सापळ्याला रात्रभर पाणी हवं, आणि आपल्या खाडीत हीच खरी अडचण आहे. मुंबई परिसरात उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटर किंवा त्याहून जास्त फरक पडतो. दुपारी धक्क्याखाली भरलेलं पाणी दिसतं, तिथेच संध्याकाळी उघडा चिखल असतो. सगळ्यात खालच्या ओहोटीलाही किमान दीड मीटर पाणी राहील अशी जागा लागते. हे नकाशावरून कळत नाही. दिवाळे, सारसोळे, वाशीगाव, ऐरोलीजवळचं दिवागाव, ठाण्यातलं चेंदणी, जिथे जाल तिथल्या कोळीवाड्यात जाऊन विचारा: “काका, उधाणाच्या ओहोटीला या धक्क्याखाली किती पाणी राहतं? ओढ कुठं जास्त असते?” दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. पाण्याची ओढ जोरात असेल तर मेगालोपा दिव्याकडे वळू पाहतो पण त्याआधी वाहून पुढे जातो. त्यामुळे सापळा भर प्रवाहात न टांगता धक्क्याच्या खांबांच्या आडोशाला, पाणी जरा संथ असेल तिथे ठेवावा.

विचारायला जाताना हातात वही नको, वेळ हवा. हे पाणी ज्यांच्या रोजीरोटीचं आहे त्यांना तुम्ही काय करता आहात हे पहिल्या दिवसापासून कळलं पाहिजे. भोकसी, पाग अशी जाळी किंवा फग लागतात त्या जागेपासून लांब राहा. सापळ्यात आलेली पिल्लं परत पाण्यात सोडणार आहोत, हेही स्पष्ट सांगा. माझ्या मते कोळीवाड्यातलं एक तरी माणूस गटात असल्याशिवाय हे काम सुरूच करू नये. वर्षभर ते टिकण्याचा तोच भरवशाचा आधार आहे.

दुसरी गोष्ट आजूबाजूचा उजेड. नवी मुंबईतल्या पाम बीच रस्त्याकडच्या काही जागांवर रात्रभर इतका प्रकाश पाण्यावर पडतो की सापळ्याच्या दिव्याचं वेगळेपणच उरत नाही. सापळ्यावर थेट पथदिवा किंवा हायमास्ट पडत नाही ना, हे रात्री जाऊन बघा, दिवसा अंदाज चुकतो. नंतर तिथे नवा दिवा लागला तर त्या तारखेची नोंद ठळक करा, कारण त्याआधीचे आणि नंतरचे आकडे जसेच्या तसे शेजारी ठेवता येणार नाहीत.

परवानगीत कसूर करू नका. ऐरोली आणि वाशीच्या पुलांदरम्यानचा खाडीचा भाग २०१५ पासून ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे, आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर पाणथळीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. अभयारण्यात वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय काहीही लावायचं नाही, आणि रात्रीचा उजेड पक्ष्यांना त्रासदायक ठरतो म्हणून पहिल्याच प्रयोगासाठी ती जागा निवडूही नये. वनविभागाच्या कांदळवन (खारफुटी) कक्षाकडे अर्ज करताना कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाचं किंवा मत्स्यविज्ञान संस्थेचं पत्र सोबत असेल तर काम सोपं होतं. ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. ओळखीच्या शंकांसाठीही अशाच ठिकाणी दार ठोठवावं. धक्का ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची संमती घ्या, आणि जवळच्या सागरी पोलीस ठाण्यात लेखी कळवून ठेवा. पाण्यात रात्री दिवा, वायर आणि बॅटरीचा डबा दिसला तर गस्तीवरच्या माणसाला शंका येणारच. सापळ्यावर मराठीत ‘खेकड्यांच्या पिल्लांची अभ्यास-नोंद’ असं लिहून फोन नंबर द्या.

सापळा

वीस लिटरचा पारदर्शक पाण्याचा जार घ्या. ओरखडे पडून धुरकट झालेला चालणार नाही. जाराच्या कडेला चार ते सहा गोल भोकं पाडून त्यात पारदर्शक प्लास्टिकची नरसाळी बसवायची, रुंद तोंड बाहेर आणि निमुळतं टोक आत. टोक कापून साधारण दीड ते दोन सेंटिमीटरचं ठेवा. याहून मोठं ठेवलं तर बोईटांसारखे छोटे मासे आत शिरतात आणि रात्रभर तुमचे मेगालोपा खात बसतात. नरसाळ्याच्या बाहेरच्या तोंडावर एक सेंटिमीटरच्या चौकटीची जाळी लावली तर आणखी बरं.

जाराच्या खालच्या भागात हाताच्या पंजाएवढ्या दोन खिडक्या कापून त्यावर ५०० मायक्रॉनचं नायलॉन जाळीचं कापड चिकटवा. सापळा वर काढताना पाणी यातून गळून जातं आणि मेगालोपा आत राहतात. हे कापड प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्यांकडे मिळतं. मच्छरदाणीची जाळी वापरू नका. तिची भोकं मोठी असतात, खारफुटीतल्या खेकड्यांचे एक-दीड मिलिमीटरचे मेगालोपा त्यातून सुटू शकतात.

दिवा म्हणजे १२ व्होल्टची एक मीटर पांढरी एलईडी पट्टी. जाड काठीवर गुंडाळून ती पारदर्शक नळीत घाला, नळीची दोन्ही टोकं इपॉक्सीने बंद करा आणि जाराच्या मधोमध उभी बसवा. पाण्यात सोडण्याआधी घरी बादलीत रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी नळीत ओल दिसली तर पुन्हा सील करा. दिव्याचा रंग पांढराच ठेवा. गढूळ पाण्यात निळा प्रकाश लवकर विरतो हे एक कारण, आणि लाल-हिरवे दिवे होड्यांच्या दिशादर्शनासाठी वापरतात हे त्याहून मोठं. तुमच्या सापळ्याने कुणाची होडी फसता कामा नये. एकदा जी पट्टी निवडली तीच वर्षभर वापरा, आणि त्याच जोडणीच्या दोन पट्ट्या जास्तीच्या घेऊन ठेवा. मध्येच जास्त तेजाची पट्टी लावली तर मागच्या महिन्यांशी तुलना संपली.

बॅटरीचा हिशोब आधी करावा. मीटरला साधारण ५ वॅटची पट्टी १२ व्होल्टवर जवळपास ०.४ अँपिअर खेचते. नऊ तासांत ३.६ अँपिअर-तास. म्हणजे ७ अँपिअर-तासाची बॅटरी सुमारे अर्धी वापरली जाते, आणि पहाटेपर्यंत दिवा मंद होत नाही. बॅटरी आणि टायमर झाकणाला रबर असलेल्या हवाबंद डब्यात, पाण्याच्या वर, धक्क्याला बांधून ठेवायचे. पाण्यात फक्त दिवा आणि वायर जाते. घरगुती विजेची जोडणी धक्क्यावर ओढायची नाही, कुणी कितीही सोपं म्हटलं तरी.

राहिलं तरंगणं. धक्क्याला ठरावीक लांबीच्या दोरीने सापळा टांगला तर ओहोटीला तो हवेत लोंबकळतो आणि भरतीला तीन-चार मीटर खाली जातो. पाण्याबरोबर वर-खाली होणारा पाँटून, म्हणजे तरंगता धक्का, असेल तर त्यालाच बांधा. नसेल तर धक्क्यावरून एक जाड दोर तळापर्यंत सोडा, खाली दगडाचं वजन, आणि सापळ्याला दोन कड्या लावून त्या दोरावर सरकू द्या. सापळ्याच्या वरच्या अंगाला रिकामे बंद कॅन बांधले की तो तरंगतो. थर्माकोल नको, त्याचे दाणे खाडीत पसरतात. दिवा पाण्याखाली साधारण अर्धा मीटर राहील असं वजन जुळवा. दिव्याच्या वायरला भरतीच्या पूर्ण फरकाइतकी ढील द्यायला विसरू नका.

कोणत्या रात्री

आपल्याकडचा जुना हिशोब इथे फार उपयोगी पडतो: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. अमावस्या-पौर्णिमेला ती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे. हा ढोबळ अंदाज आहे. नोंदीसाठी भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक घ्या, आणि मुंबई बंदराची वेळ ठाण्याला जशीच्या तशी लागू नाही हे लक्षात ठेवा. खाडीच्या आतल्या टोकाकडे भरती उशिरा पोहोचते. तुमच्या धक्क्यावर किती उशिरा, ते काही वेळा घड्याळ लावून स्वतः बघा.

याचा परिणाम काय होतो ते पाहा. उधाणाच्या रात्री दिवा लागतो तेव्हा पाणी चढत असतं, मध्यरात्री भरतं, पहाटेपर्यंत उतरतं. भांगाच्या रात्री, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती सगळ्यात छोटी असते तेव्हा, उलट होतं. संध्याकाळी भरलेलं पाणी मध्यरात्रीपर्यंत उतरतं आणि मग पहाटेपर्यंत हळूहळू चढतं, तेही थोडंच. मेगालोपा भरतीबरोबर वर येतात म्हटल्यावर या दोन रात्रींचे आकडे एका रांगेत ठेवणं चुकीचं आहे. उधाणाची तुलना उधाणाशी, भांगाची भांगाशी.

चंद्राचाही वेगळा विचार करावा लागतो. पौर्णिमा आणि अमावस्या दोन्हीकडे उधाणच, पण पौर्णिमेला आकाशातच मोठा दिवा असतो, त्यामुळे सापळ्याच्या उजेडाची ओढ कमी पडते. पौर्णिमेला कमी पिल्लं सापडली म्हणून खाडीत कमी आली, असं लगेच म्हणता येत नाही.

तेव्हा महिन्यातून किमान चार रात्री ठरवा: अमावस्या, शुक्ल अष्टमी, पौर्णिमा, वद्य अष्टमी. माणसं पुरेशी असतील तर प्रत्येक तिथीच्या पुढची एक रात्रही घ्या. एकाच रात्रीच्या आकड्यात नशिबाचा भाग फार असतो. वेळ बारा महिने रात्री ८ ते पहाटे ५ ठेवावी. जूनमध्ये सूर्य सव्वासातनंतर मावळतो आणि सहाच्या सुमारास उगवतो, डिसेंबरमध्ये रात्र याहून खूप मोठी असते. आठ ते पाच हे नऊ तास मात्र वर्षभर अंधाराचेच असतात, म्हणून तास सारखे राहतात.

संध्याकाळ आणि पहाट

दिवस मावळायच्या आत सापळा पाण्यात गेला पाहिजे. उधाणाच्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी तळाला असतं, हे धरून वेळ ठरवा आणि दोर चिखलात रुतलेला नाही ना, ते बघा. जाळी आणि नरसाळी पुसून घ्या. गाळ किंवा शेवाळ चढलं की जाराचा उजेड निम्मा होतो. बॅटरीचं व्होल्टेज मोजून लिहा, टायमर लावा, पाण्याचं तापमान आणि खारेपणा मोजा. खारेपणासाठी हातातला रिफ्रॅक्टोमीटर पुरतो, एक थेंब टाकून उजेडाकडे धरला की आकडा दिसतो. पाणी किती गढूळ आहे ते पाहायला पांढरी थाळी दोरीने खाली सोडा आणि ती दिसेनाशी होते ती खोली सेंटिमीटरमध्ये नोंदवा. ठाणे खाडीत हा आकडा खूपदा लहान असतो, आणि दिव्याचा पल्ला किती हे त्यावरूनच कळतं.

धक्क्यावर एकट्याने जायचं नाही. कमीत कमी दोघं, दोघांच्या अंगात लाइफ जॅकेट. चिखलात उतरायची गरजच पडू नये अशी व्यवस्था असावी. खाडीचा चिखल कमरेपर्यंत ओढतो आणि भरती वाट बघत नाही. पावसाळ्यात लेप्टोचा (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो, म्हणून रबरी हातमोजे आणि गमबूट वापरा, पायाला जखम असेल तर त्या दिवशी दुसऱ्याला पाठवा. विजा चमकत असतील, किंवा हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल, तर रात्र रद्द. तक्त्यात ‘लावला नाही’ असं लिहायचं, शून्य लिहायचं नाही. या दोन नोंदींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पहाटे पाचला दिवा बंद होतो, त्यानंतर तासाभरात सापळा वर काढा. थंड पाण्याच्या प्रदेशात तो एखादा दिवस जास्त राहिला तरी निभावतं. आपल्या कोमट आणि ऑक्सिजन कमी असलेल्या पाण्यात दाटीने अडकलेले जीव लवकर मरतात, आणि मेगालोपा एकमेकांनाही खातात. सापळा सावकाश ओढा, जाळीच्या खिडक्यांतून पाणी गळू द्या, मग उरलेलं सगळं खाडीच्याच पाण्याने धुऊन बादलीत घ्या. नळाचं पाणी वापरू नका. बादली सावलीत ठेवा, बॅटरीवर चालणारा मत्स्यालयाचा पंप मिळाला तर हवा सोडा.

मोजणी

पांढऱ्या ट्रेमध्ये थोडं थोडं पाणी ओता, तळाशी आलेखाचा कागद लॅमिनेट करून चिकटवलेला असावा. आधी मासे आणि मोठी कोलंबी बाहेर काढून सोडून द्या. मग डोळा स्थिर होऊ द्या. पहिल्यांदा सगळं एकसारखं वळवळताना दिसतं. बहुधा बरीच गर्दी जवळ्याची असते. जवळा लांबट, पारदर्शक, मिशा शरीरापेक्षा लांब. कोलंबीची पिल्लं काडीसारखी, आडवी पडून राहणारी. माशांची पिल्लं चकचकीत डोळ्यांवरून कळतात. धुक्यासारखी हलणारी बारीक पूड म्हणजे कोपेपॉड, पाण्यात तरंगणारे अगदी छोटे कवचधारी जीव. मेगालोपा यांत वेगळा उठून दिसतो, कारण त्याचं अंग आखूड आणि रुंद असतं, पुढे दोन नांग्या असतात, आणि तो झटके न देता सरळ पळतो. संशय आला तर ड्रॉपरने उचलून दहापट भिंगाखाली बघा. नांग्या आणि मागे निघालेली शेपटी, दोन्ही असतील तर मेगालोपा. शेपटी पोटाखाली दुमडलेली असेल तर तो खेकडा झाला, त्याचा रकाना वेगळा.

जातीचं नाव लिहायचा मोह आवरा. नुसत्या डोळ्यांनी मेगालोपाची जात सांगता येत नाही. आकाराचे दोन गट करा: कवचाची लांबी २ मिलिमीटरपेक्षा कमी आणि जास्त. चिंबोरीच्या मेगालोपाचं कवच सुमारे २ मिलिमीटर आणि शेपटीसकट लांबी ४ मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणून तो बहुधा मोठ्या गटात पडेल, किंवा अगदी सीमेवर. सीमेवरच्यांसाठी शेपटीसकट लांबीही मोजा. समुद्रातल्या इतर पोहणाऱ्या खेकड्यांचे मेगालोपाही याच गटात येतात, तेव्हा ‘मोठा मेगालोपा’ एवढंच लिहा. खात्री हवी असेल तर परवानगीत तशी तरतूद करून घेऊन दोन-चार मेगालोपा वेगवेगळ्या बरण्यांत खाडीच्या पाण्यात ठेवा. आठवड्याभरात कात टाकून ते खेकडा होतात, आणि आणखी काही वेळा कात टाकली की जाणकाराला जात सांगता येते. वेगवेगळ्या बरण्यांत अशासाठी, की एकत्र ठेवले तर एकच उरतो.

संख्या शंभर-दोनशेच्या आत असेल तर प्रत्येक मोजा. त्याहून जास्त असेल तर भाग काढून मोजायचं. सगळा ऐवज २ लिटर पाण्यात घ्या, हाताने आठच्या आकड्यासारखा ढवळा, आणि ढवळत असतानाच छोट्या मापाने २० मिलिलिटरचे पाच नमुने उचला. समजा पाचही नमुन्यांत मिळून ३४ मेगालोपा निघाले. हे १०० मिलिलिटर झाले, म्हणजे एकूण पाण्याचा विसावा हिस्सा. ३४ गुणिले २० म्हणजे अंदाजे ६८०. पाच नमुन्यांचे आकडे वेगवेगळे लिहून ठेवा. एकात २ आणि दुसऱ्यात १५ निघाले असतील तर ढवळणं नीट झालेलं नाही, पुन्हा करा. गोल गोल ढवळलं तर जीव मधोमध गोळा होतात, म्हणून आठचा आकडा.

मोजून झालं की आलेखाच्या कागदावर दोन-तीन फोटो घ्या आणि सगळं त्याच जागी पाण्यात सोडा. ट्रेमधला प्लास्टिकचा कचरा तेवढा परत सोडायचा नाही.

तक्ता

तक्ता कागदी असावा आणि पेन्सिलने लिहावा, ओल्या हाताने मोबाइल चालत नाही. रकाने असे: जागा, तारीख, तिथी, दिवा लागल्याची आणि बंद झाल्याची वेळ, भरतीची वेळ आणि उंची, ढग, पाऊस, तापमान, खारेपणा, थाळी दिसेनाशी झाल्याची खोली, बॅटरीचं व्होल्टेज आधी आणि नंतर, लहान मेगालोपा, मोठे मेगालोपा, छोटे खेकडे, झोइया, इतर जीव, मोजणाऱ्याचं नाव. शेवटी शेऱ्यासाठी भरपूर जागा ठेवा. ‘शेजारी होडी रात्रभर दिवा लावून उभी होती’, ‘एक नरसाळं निखळलं होतं’, ‘जेलीफिशने जाळी तुंबली’ असे शेरे पुढे आकड्याइतकेच कामाला येतात.

शून्य मेगालोपा निघाले तर ‘०’ असं ठसठशीत लिहा. पहिले काही आठवडे शून्य येणं अगदी शक्य आहे आणि नवीन मुलांचा उत्साह इथेच मावळतो. शून्य हा निष्कर्षच आहे, पण तो नोंदवला असेल तरच. भरगच्च रात्रींच्याच नोंदी ठेवल्या तर वर्षअखेरीला खाडी कायम भरलेली दिसेल.

तुलनेसाठी दर ताशी आकडा काढा. नऊ तासांत ७२ मेगालोपा म्हणजे तासाला ८. बॅटरी मध्येच संपली असेल तर किती तास दिवा चालला हे कळत नाही, अशी रात्र हिशोबातून वगळा पण तक्त्यातून खोडू नका.

आकडे वाचताना

सापळा खाडीतले खेकडे मोजत नाही. त्या रात्री, त्या अंतरात असलेल्या आणि उजेडाकडे वळलेल्या मेगालोपांपैकी आत शिरलेले तो दाखवतो. म्हणून ‘ठाणे खाडीत इतकी पिल्लं आहेत’ असं विधान या आकड्यांवरून होत नाही. ‘सारसोळ्याच्या धक्क्यावर या अमावस्येला मागच्या अमावस्येच्या दुप्पट आले’ असं होतं, आणि तेही पाणी तेवढंच गढूळ असेल तर. पाणी गढूळ झालं की उजेड कमी अंतरावर पोहोचतो आणि पकड घटते, पिल्लं तेवढीच असली तरी. पावसाळ्यात हे सगळ्यात जास्त जाणवेल, कारण गाळ वाढतो आणि खारेपणा उतरतो, तोही खाडीच्या आतल्या भागात तोंडापेक्षा जास्त. जुलैतला कमी आकडा आणि मार्चमधला जास्त आकडा शेजारी ठेवण्याआधी गढूळपणा आणि खारेपणाचे रकाने बघा.

दोन धक्क्यांची तुलनाही जपून करा. बेलापूरच्या बाजूला समुद्राचं पाणी जास्त खेळतं, ठाण्याकडे खाडी अरुंद आणि उथळ होत जाते. मात्र दोन्हीकडे एकाच रात्री, एकसारखे सापळे लावले तर मेगालोपा खाडीत किती आतपर्यंत पोहोचतात ते दिसू लागेल. पहिलं वर्ष एका जागेवर नीट पार पडलं की मला हाच पुढचा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

दर तीन महिन्यांनी तक्त्याची प्रत तीन ठिकाणी द्या: ज्यांनी परवानगी दिली त्या कार्यालयात, मार्गदर्शन करणाऱ्या विभागात, आणि कोळीवाड्यात. कोळीवाड्यात नुसता कागद देऊन येऊ नका. मोठ्या मेगालोपांचा महिन्यावार आलेख काढा, त्याच महिन्यांत फगात लहान चिंबोऱ्या कधी लागल्या ते विचारा, आणि ती माहिती त्याच आलेखावर वेगळ्या रंगाने लिहा. मेगालोपा आल्यानंतर किती महिन्यांनी हाताच्या पंजाएवढी चिंबोरी दिसते, हे खाडीवर रोज जाणाऱ्यांइतकं नेमकं दुसरं कुणी सांगू शकत नाही. तो रकाना त्यांच्या नावाने भरा.